काळेवाडीत ऐकलेली बुरशी

पिंपरी-चिंचवडला फिरायला गेले होते असं सांगितलं, की आमच्या अंबाजोगाईतले लोक क्षणभर थांबतात आणि मग विचारतात, "पण कशासाठी?" लग्न, दवाखाना नाहीतर मुलाची नोकरी, यांपैकी काही असल्याशिवाय आमच्याकडचं कुणी तिकडं जात नाही. मी गेले होते शालनला भेटायला. पण परत आल्यापासून जो भेटेल त्याला सांगत सुटले आहे ते बुरशीबद्दल. घरचे कंटाळले, म्हणून आता लिहून काढते.

काळेवाडी

शालन माझी हॉस्टेलमधली खोलीसोबतीण. आम्ही दोघी वनस्पतिशास्त्राच्या. मी अंबाजोगाईत शाळेत शिकवत राहिले, ती लग्न करून काळेवाडीत आली आणि चिंचवडच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली ती जे पाहायची ते मला कधी तितकं स्पष्ट दिसलं नाही. तिच्या आकृत्या आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेल्या असत. नंतर काचबिंदूनं तिची नजर हळूहळू गेली. आता तिला उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. तिनं सूक्ष्मदर्शक शाळेला देऊन टाकला, पुस्तकं वाटली, आणि दवाखाना सोडला तर घराबाहेर पडायचं बंद केलं. गणपती उठल्यावर येते म्हणून मी फोन केला, तेव्हा म्हणाली, "ये ना मंदे. पण मला काही दाखवायला आणू नकोस."

काळेवाडी फाट्यावर तिचे यजमान दिगंबरराव स्कूटर घेऊन उभे होते. मूळचे लातूरचे, एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूनं बोलावं लागतं, डावा कान मशीननं नेला. गल्लीत एकाला एक लागून दुकानं: चक्की, मोबाईल, अंडी, रबर सील, पुन्हा मोबाईल. त्यांच्या घराच्या खालीच संतोष नावाच्या तरुणाचं फॅब्रिकेशनचं दुकान. लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या तो दिवसभर घासत असतो. ग्राइंडर लागला की वरच्या मजल्यावर पेल्यातलं पाणी थरथरतं. जेवायला दिगंबररावांनी स्वतः केलेली येसर आमटी होती, अगदी आमच्याकडची चव. शालन शांतपणे जेवली, माझ्या घरच्यांची चौकशी केली आणि आत जाऊन पडली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती खूप लांब गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबररावांनी चहाबरोबर ब्रेड काढला. खुर्चीत बसल्या बसल्याच शालन म्हणाली, "अहो, तो टाकून द्या. बुरशी आलीय."

"कुठंय? चांगला पांढराशुभ्र आहे."

मी पाकीट घेऊन खिडकीशी गेले. तळाच्या दोन तुकड्यांमध्ये कापसासारखं काहीतरी धरलं होतं. तिला वास आला होता. मी सवयीनं पिशवीतलं भिंग काढलं, आणि काढल्यावर ओशाळले. पण तिनंच विचारलं, "काळे ठिपके आलेत?"

"नाही. नुसता कापूस."

"मग अजून बीजाणू धरले नाहीत. उद्या धरील." मग ती दिगंबररावांकडे तोंड करून सांगू लागली. "बी असतं ना, तसाच हा बीजाणू. फक्त इतका बारीक की हवेत तरंगतो. आत्ता या खोलीतसुद्धा असतील, तुमच्या बनियनवरसुद्धा. ओल मिळाली की धागा फुटतो, धाग्याचं जाळं होतं, आणि जाळ्यावर काळ्या टोप्या येतात. एकेका टोपीत हजारो. ना नर लागतो ना मादी. दिवस वाईट आले, खायला कमी पडलं, की मात्र दोन वेगळे धागे एकमेकांना शोधतात आणि त्यांचं मिळून एक जाड कवचाचं बी होतं, वाईट दिवस काढण्यासाठी. तिथंही नर-मादी नाहीच. आपण नुसतं अधिक आणि उणे म्हणतो."

ती हातानं हवेत आकृती काढत होती. मग तिच्या ते लक्षात आलं आणि हात खाली घेतला. "जाऊ दे. टाका तो."

मला मात्र आता राहवेना. आमचे एक सर वर्गात सांगायचे, की शेणावर येणारी एक बुरशी आहे, पायलोबोलस, जी आपली टोपी तोफेसारखी उडवते, आणि खोली शांत असेल तर ती टोपी कागदावर आपटलेली ऐकू येते. आम्ही दोघींनी तिची आकृती काढली होती, पण ती ऐकली मात्र कधीच नव्हती. मी म्हटलं, "शाले, पायलोबोलस ऐकायची का?"

तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. नंतर म्हणाली, "शेण कुठून आणणार आहेस?"

नको म्हणाली नव्हती, एवढं मला पुरे होतं.

गल्लीच्या टोकाला म्हशींचा गोठा आहे. दिगंबरराव माझ्याबरोबर आले, पण चारचौघांत शेण मागायचं म्हणून संकोचले होते. गोठेवाल्यानं विचारलं, "हवन आहे का काका?" दिगंबरराव घाईनं "हो हो" म्हणाले. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ताजं शेण घेऊन आम्ही परत आलो. मी ते काचेच्या वाडग्यात काढलं, वर ओलसर फडकं ताणलं आणि खिडकीत ठेवलं. शालन रोज विचारायची, "काय झालं?" मी रोज भिंगातून पाहायचे. पांढरा फुलोरा आला, तो बसला, चिलटं झाली. टोप्यांचा पत्ता नाही.

शेवटी तिनं वाडगा मागून घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "मंदे, ह्याला पेंडीचा वास येतोय. म्हशींना हिरवं काय घालतात?"

दिगंबरराव म्हणाले, "हिरवं कुठलं इथं? पेंड, कडबा, सरकी."

"मग कशी येईल? टोपी उडून गवताच्या पात्यावर चिकटते. जनावरानं ते पातं खाल्लं, पोटातनं बीजाणू शेणात उतरले, तर ती उगवणार. गवतच नाही तर पोटात जाणार काय? चरणारी गाय पाहिजे."

मी शाळेत हे इतक्यांदा शिकवलं होतं आणि नेमकं इथं विसरले. पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. शालन उठून चपला शोधत होती. "मी पण येते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं परत म्हशीचंच घेऊन याल."

चिखली

रिक्षा करून निघालो. दिगंबरराव चालकाशेजारी, आम्ही दोघी मागे, मांडीवर धुतलेला डबा. शालन रस्त्यावरच्या वासांवरून कुठं आलो ते सांगत होती. कापलेल्या लोखंडाचा वास आला की वर्कशॉप, ओल्या सिमेंटचा आला की नवी इमारत, आणि चिखलीत हे दोन्ही वास एकमेकांत मिसळलेले. आमच्याकडे गावाला वेस असते, गाव संपलं की शेत लागतं. इथं वर्कशॉप संपलं की सोसायटी, सोसायटी संपली की पुन्हा वर्कशॉप, आणि मधेच एखाद्या मोकळ्या प्लॉटमध्ये गुडघाभर गवत. गवत भरपूर, खाणारं कुणी नाही.

एका मंदिरापाशी दोन गाई दिसल्या. आम्ही उतरलो, तर त्यांच्यापुढं शिळे पाव आणि कोबीचा पाला. शालननं मान हलवली. पावसाची सर आली म्हणून चहाच्या टपरीत शिरलो. तिथं कटिंगबरोबर क्रीमरोल खाल्ला, बाहेरून कुरकुरीत आणि आत सढळ साखर. चहावाल्याला मी सगळी हकीकत सांगितली. तो हसला नाही. गाळणं हातात धरून विचार करत म्हणाला, "चरणारी गाय म्हणता? मग निघोज्याला जा. आमच्या हौसामावशीची गाय अजून बाहेर चरती. तिच्याशिवाय कोणाची राहिलेली नाय."

निघोजे

इंद्रायणी ओलांडली आणि रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर सुरू झाले. हौसामावशींचं घर म्हणजे दुमजली बंगला. वर कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, दोरीवर निळे युनिफॉर्म वाळत घातलेले, खाली पार्किंग, आणि पार्किंगमध्ये मोटारीच्या शेजारी रिकामा खुंटा. म्हणजे गाय चरायला गेली होती. मला आनंदानं नाचावंसं वाटलं.

हौसामावशी सत्तरीच्या, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. शेण पाहिजे म्हटल्यावर आमच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "येवढ्या लांबनं शेण न्यायला आला? करणी-बिरणी न्हाई ना?"

दिगंबरराव पुन्हा हवन म्हणणार होते, पण शालन पुढं झाली. तिनं विचारलं, "मावशी, तुमची गाय स्वतःच्या शेणाजवळचं गवत खाते का?"

"न्हाई. तोंड बी लावत न्हाई. कंचीच गाय खात न्हाई."

"मग शेणात जी बुरशी उगवते तिनं काय करायचं? तिचं बी गायीच्या पोटात गेलं पाहिजे, आणि गाय तर तिच्याजवळ येत नाही."

हौसामावशी दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. "मंग?"

"मग ती आपलं बी लांब फेकते. केसाएवढा दांडा, त्याच्या टोकाला पाण्यानं भरलेला फुगा, आणि फुग्यावर काळी टोपी. दांडा उजेडाकडं वळतो, कारण उजेड असतो तिकडं मोकळं असतं. पाण्याचा दाब वाढत जातो आणि फुगा फुटतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान जीव, पण टोपी माणसाच्या उंचीपेक्षा लांब जाऊन पडते. तिथल्या गवताला चिकटून बसते, गाय येईपर्यंत."

"आन् ह्ये समदं माज्या चंद्रीच्या शेणात हाय?"

"ते बघायलाच आलोय."

मावशी उठल्या. "चला मंग. ती भिंतीकडं हाय."

भिंत म्हणजे एका कंपनीची, संपता न संपणारी. भिंत आणि नाला यांच्यामध्ये जो हिरवा पट्टा उरला आहे तेवढीच चंद्रीची चराई. पांढरी, ठेंगणी गाय होती. ती चरत पुढं जाणार आणि आम्ही तिच्या मागं. ताजं शेण पाहिजे, तर थांबणं भाग होतं. चिखलात शालनचा पाय घसरायला लागला तेव्हा मावशींनी तिचा हात धरून सरळ चंद्रीच्या पाठीवर ठेवला. "धर हितं. ती पडून द्यायची न्हाई." आणि माझी मैत्रीण, जी कित्येक महिने दवाखान्याशिवाय स्वतःच्या जिन्याखालीही उतरली नव्हती, गायीच्या पाठीवर हात ठेवून कंपनीच्या भिंतीकडेनं चालू लागली.

तेवढ्यात शिफ्ट सुटली. बसमध्ये चढणारे कामगार आमच्याकडे पाहत राहिले: पुढं गाय, गायीला धरून काळा चष्मा लावलेली बाई, मागं उघडा डबा घेतलेली मी. गेटवरचा सिक्युरिटीवाला शिट्टी वाजवत आला. "मॅडम, क्या कर रहे हो इधर? कंपनी का एरिया है."

"भावा, शेण पाहिजे," दिगंबरराव आता निःसंकोच म्हणाले. "पडलं की जातो."

तो बिहारकडचा असावा. त्यानं गायीकडं पाहिलं आणि म्हणाला, "हमारे यहाँ भी गाय है." मग तोही थांबला. चंद्रीनं शेवटी शेपटी उचलली तेव्हा आम्ही पाचहीजण इतके आनंदलो, की त्या बिचारीनं दचकून मागं पाहिलं.

मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी, करटुल्याची भाजी, आणि वर इंद्रायणी तांदळाचा मऊ, चिकट भात. आमच्याकडे भाताचं शीत न् शीत सुटं लागतं, तसा नसेल तर सून नापास. इथं तो चिकटला पाहिजे. मी दोनदा घेतला. निघताना मावशी शालनला म्हणाल्या, "उगवलं तर फोन कर बाय. न्हाई उगवलं तरी कर."

पुन्हा काळेवाडी

या वेळी मांडणी शालनची. वाडगा चपलांच्या खोक्यात ठेवला. खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना रुपयाएवढ्या खिडक्या कापून त्यांवर बटर पेपर ढोलकीच्या पानासारखा ताणून बसवला. एक खिडकी पुठ्ठ्यानं झाकली, म्हणजे उजेड एकाच बाजूनं येणार आणि मारा त्याच कागदावर होणार. मी नुसती कात्री चालवत होते.

काही दिवस गेले. मग एका सकाळी मी झाकण उचललं. शेणावर काचेच्या बारीक सुयांचं रान उगवलं होतं. प्रत्येक सुईच्या टोकाला दवासारखा चमकता फुगा, फुग्यावर काळीभोर टोपी, आणि सगळ्यांच्या माना उघड्या खिडकीकडं वळलेल्या. मी शालनला सांगू लागले आणि सांगता सांगता माझा आवाज चढत गेला.

"झाकण लाव," ती म्हणाली. "उजेड चारी बाजूंनी जातोय." आणि खोक्याला कान लावून बसली.

खाली संतोषनं ग्राइंडर लावला.

दिगंबरराव धावत गेले. संतोष वाईट वाटून म्हणाला, "काका, आज गेट बसवायचंय, पार्टी येऊन बसलीय. उद्या गुरुवार, उद्या मशीनला हातसुद्धा लावत नाही." इकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, आमच्यासारखी रविवारी नाही. पण आजचं काय? ग्राइंडर ओरडत राहिला. कागदावर एकामागून एक काळे ठिपके उमटताना मी पाहत होते, आणि शालनला ग्राइंडरशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ऊन चढलं, मारा संपला. ती उठली. "तू पाहिलंस ना? झालं मग," असं म्हणून आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

मला रडू आलं. आपण तिला पुन्हा एकदा न दिसणाऱ्या गोष्टीपुढं नेऊन बसवलं असं वाटलं.

गुरुवारी सकाळी वीज गेली, पंखा थांबला आणि गल्ली इतकी शांत झाली की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात वाजल्यासारखी वाटली. रात्रीत नवी रांग उगवली होती. मी हाक मारली. शालन आली नाही. मी पुन्हा हाक मारणार तेवढ्यात दिगंबररावांनी मला खूण केली, स्वतः खोक्यापाशी बसले आणि उजवा कान कागदाशी नेला. बराच वेळ बसून राहिले. मग आतल्या खोलीकडं पाहून म्हणाले, "शालन, मला काही कळत नाही गं. वाजतंय की नाही कुणास ठाऊक. माझे कान असे. तू जरा येऊन सांगतेस का?"

आतून बांगड्यांचा आवाज आला. ती आली आणि त्यांच्या शेजारी खाली बसली.

"हे," ती म्हणाली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"परत. हे बघ, परत."

मग मलाही आलं. ताणलेल्या कागदावर ज्वारीचा दाणा पडावा तसा, टप्. थोडं थांबून टप्, टप्. सरांनी सांगितलेला आवाज, जो आम्ही दोघींनी नुसता वहीत लिहून घेतला होता. शालननं दिगंबररावांचं मनगट हातात घेतलं आणि टोपी आपटली की ती बोटानं त्यांच्या मनगटावर टिचकी मारू लागली. टप् आणि टिचकी, टप् आणि टिचकी. दिगंबरराव मान डोलवत होते. एकदम दोन वाजले तेव्हा तिनं दोन टिचक्या मारल्या आणि ती हसली. संतोष जिन्यात उभा राहून ऐकत होता. त्याला आत यायला सांगितलं, तर चपला काढून, पाय न वाजवता आला आणि भिंतीशी बसून राहिला.

ऊन डोक्यावर आल्यावर आवाज थांबले. शालननं आधी निघोज्याला फोन लावला. हौसामावशी पलीकडून मोठ्यानं बोलत होत्या, "उगवलं व्हय? वाजतंय बी?" आणि मग चंद्रीला हाक मारून ते सांगत होत्या. नंतर शालन मला म्हणाली, "तुझी उद्याची गाडी आहे ना? रद्द कर. अजून एक सकाळ बघू."

मी रद्द केली. शुक्रवारी संतोषनं आपणहून सांगितलं, की जेवणापर्यंत ग्राइंडर लावत नाही, नुसतं मापं घेतो. मी भिंग घेऊन उघड्या खिडकीसमोर बसले. शालन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून, भाजी निवडत होती. कागद कोरा होता. वेळ गेला, तरी कोरा. मी डोळे ताणून बघत राहिले. मला वाटलं संपली बुरशी, आणि आता हे तिला कसं सांगायचं.

"मंदे," मागं न वळता शालन म्हणाली, "तिकडं काय बघतेस? मागच्या बाजूनं वाजतंय. मघापासून."

मी खोकं फिरवलं. झाकलेली खिडकी उघडी होती आणि तिचा कागद काळ्या ठिपक्यांनी भरला होता. मी पाहत होते त्या खिडकीवर आतून पुठ्ठा होता.

"काल संध्याकाळी तू फाट्यावर गेलीस तेव्हा बदलला," ती म्हणाली. "म्हटलं, बघू वळतात का."